फूल : पाहिले

१

काय काम करता म्हणून कुणी विचारलं तर मी सांगते, झाडं ओळखते. लोक हसतात. एका लग्नात एका बाईंनी विचारलं होतं, "आणि झाडं तुम्हाला ओळखतात का हो?" तेव्हा मीही हसले होते. आता कुणी विचारलं तर विषय बदलते.

आमच्या संस्थेत झाडपाल्याची औषधं तयार होतात. जगात कुठे कसली साल तापावर चालते, कुठे कसलं मूळ झोपेवर, कसला पाला सांध्यांवर. ते सगळं पोत्यांत भरून आमच्या मागच्या दाराशी येतं आणि पुडीत बंद होऊन पुढच्या दाराने दवाखान्यांकडे जातं. मधल्या खोलीत मी बसते. पोतं उघडायचं, वास घ्यायचा, काडी मोडून बघायची, भिंगाखाली धरायची, जिभेच्या टोकाला लावून थुंकायची. मग त्या खेपेतलं एक अख्खं रोप दाबून, वाळवून जाड पांढऱ्या कागदावर दोऱ्याने शिवायचं. खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी चिकटवायची, काय काय पाहिलं ते लिहायचं आणि सही ठोकायची. कागद जातो कपाटात. माझी सही झाल्याशिवाय पोतं दळायला जात नाही.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुखांनी, पहिल्याच दिवशी मला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पाहिलं तेवढंच लिहायचं. आणि फूल पाहिल्याशिवाय सही करायची नाही. पानं काय, कुणाच्याही पानासारखी दिसतात.

हे सगळ्यात जास्त लागू होतं दम्याच्या झाडाला. त्याच्या दोन जाती आहेत. आम्ही त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतो. पान एक, खोड एक, मूळ एक, वास आणि चवही एकच. यंत्रावर काढलेला आलेखसुद्धा हुबेहूब तोच. फरक फक्त फुलात. थोरलीच्या फुलाला पाच पाकळ्या, धाकटीच्या सहा. थोरलीने श्वास मोकळा होतो. धाकटीनेही होतो, पहिले दोन-अडीच महिने अगदी झकास होतो. नंतर ती काळजाची गती उतरवायला लागते, आणि मग औषध बंद केलं तरी ती उतरतच राहते.

त्या वर्षी जुना साठा लवकर संपला. घरी माझ्या बाबांच्या डब्यात तीन दिवसांचं औषध उरलं होतं. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, दमा वीस वर्षांचा. औषध नसलं की ते पलंगावर बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून श्वास ओढतात आणि तो आवाज स्वयंपाकघरात ऐकू येतो. अशा वेळी डोंगरवाला सहा पोती घेऊन आला. वर्षानुवर्षं तोच आम्हाला माल आणून देतो, सरळ माणूस आहे. तो आपणहून म्हणाला, "ताई, कळी धरायच्या आधीचा माल आहे हा. फुलायला अजून दोन-अडीच महिने आहेत. थांबता का?"

"जागा नेहमीचीच ना?" मी विचारलं.

"नेहमीचीच. पण त्या बाजूला धाकटीही असते कधीकधी, खोटं कशाला बोलू."

मी थांबले नाही. रोप दाबलं, शिवलं, चिठ्ठी लिहिली. फुलाच्या रकान्यात लिहिलं: पाहिले. पाच पाकळ्या. सही केली. दळून झालेली पहिली पुडी मी स्वतःच पर्समध्ये घालून घरी नेली.

२

सहा आठवड्यांनी दुसरंच काही शोधायला ते कपाट उघडलं तेव्हा तो कागद हाताला लागला. वरच्या पानाच्या बेचक्यात एक फुगवटा होता. मुगाच्या दाण्याएवढा.

मी काही घाबरले नाही. वाळलेल्या झाडांचं मला नवल नाही. जाड पानांची काही झाडं इतकी चिवट असतात, की दाबून ठेवली तरी कागदात महिना-महिना जगतात, कोंब काढतात. म्हणून आम्ही ती आधी उकळत्या पाण्यात बुचकळून काढतो. पण हे झाड तसलं नाही. पातळ पानाचं आहे, दुसऱ्या दिवशीच कुरकुरीत होतं. शिवाय ते भट्टीत दोन दिवस वाळवलं होतं आणि किडीसाठी आठवडाभर थंड पेटीत ठेवलं होतं. असल्या झाडात जीव राहिला म्हणणं म्हणजे भाजलेल्या शेंगदाण्याला कोंब फुटला म्हणण्यासारखं आहे.

मग दमट हवा असेल, असं मी ठरवलं. ओल लागली की वाळलेला पालाही फुगतो. शेजारच्या टेबलावर आमचा आलेखवाला बसतो, यंत्रं सांभाळणारा. त्याला म्हटलं, "कपाटात ओल येतेय का बघ जरा."

त्याने मापक ठेवून बघितला. "ठणठणीत कोरडं आहे. तुमच्या स्वभावापेक्षाही कोरडं."

"मग तुझं मापकच बिघडलंय," मी म्हटलं.

तरी मी कपाटात डांबराच्या गोळ्या बदलल्या आणि ओल शोषणाऱ्या पिशव्या ठेवल्या. कागद परत ठेवण्याआधी फुगवट्यावर नख टेकवून बघितलं. तो मऊ होता. नखाला थोडं पाणी लागलं.

घरी जाताना मी एवढंच मनाशी म्हटलं, की उद्या परत बघू. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. दुसऱ्या कुठल्याही झाडाला फुगवटा आला असता तर मी अख्ख्या खोलीला बोलावून दाखवला असता. हा मात्र मी कुणालाच दाखवला नाही.

३

घरी बाबा खुशीत होते. नव्या पुडीने त्यांना इतका गुण आला, की आम्ही राहतो त्या तिसऱ्या मजल्यावरून ते रोज खाली उतरून पाव आणायला लागले. येताना पायऱ्या मोजत यायचे. दार उघडलं की जाहीर करायचे, "अठ्ठेचाळीस. मध्ये एकदाच थांबलो, तेही शेजारच्या आजी भेटल्या म्हणून."

"म्हणजे दम लागला म्हणून नाही?"

"दम आजींना लागला. मी आपला सोबतीला थांबलो."

बाबांचं हे असं. आयुष्यभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली आणि जोडीला माझी चेष्टा केली. आई गेल्यावर एक वर्षभर मात्र ते जवळजवळ बोललेच नाहीत. संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, समोरच्या भिंतीकडे बघत. मी चहा नेऊन द्यायचे आणि आत यायचे. मग एक दिवस आपणहून उठून आत आले आणि म्हणाले, चहात साखर कमी होती. तिथून गाडी रुळावर आली.

आता ते पाव कापत होते, शीळ घालत होते, आणि मी त्यांच्याकडे बघत मनात आठवडे मोजत होते. सहा झाले होते. थोरली असो की धाकटी, सहाव्या आठवड्याला असंच बरं वाटतं. बरं वाटण्यावरून काहीच कळत नाही.

"तुझं तोंड का उतरलंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. डोकं दुखतंय."

"मग तुमच्याकडचा एखादा पाला घे की. एवढी पोती आहेत."

मी एकदा औषध बंद करून बघितलं. पुडी संपली, उद्या आणते, म्हणून दोन दिवस थाप मारली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पलंगावर बसून गुडघ्यांवर हात टेकून श्वास ओढायला लागले. ओठ निळसर झाले. मला म्हणाले, "अगं, मिळेल तेव्हा आण, घाई नको." तेवढं बोलायला त्यांना तीन श्वास लागले. मी आत गेले, लपवलेली पुडी काढली आणि काढा उकळायला ठेवला.

४

फुगवट्याची कळी झाली.

आता ओलीची सबब चालणार नव्हती. मी कागद पुन्हा थंड पेटीत टाकला, चार दिवस. काढला तेव्हा कळी मोठी झालेली. भट्टीत ठेवला, पूर्ण दिवस. कागदाच्या कडा पिवळ्या पडल्या, खालच्या पानांचा चुरा झाला, कळी तशीच टवटवीत. देठाला बांधलेला दोरा तिने आतून ताणला होता. मी मधल्या खोलीत काम करत असताना कपाटातून बारीक आवाज यायचा, जाड कागद हळूच वाकवल्यावर येतो तसा. आलेखवाल्याला विचारलं, "ऐकू येतंय का तुला काही?"

"येतंय की. तुमच्या पोटातली कावळ्यांची शाळा. जेवा आधी."

मी माझ्या बुद्धीला पुष्कळ कामाला लावलं. म्हटलं, कुणीतरी थट्टा करतंय, ताजी कळी आणून चिकटवतंय. म्हणून कपाटाची किल्ली गळ्यात घातली. म्हटलं, माझेच डोळे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. त्याने चष्म्याचा नंबर तोच ठेवला. शेवटी म्हटलं, असेल काही. जगात सगळंच आपल्याला कळतं असं थोडंच आहे?

आणि खरं सांगायचं तर मला ती कळी हवी होती. लाज वाटते, पण हवी होती. डोंगरवाला म्हणाला होता फुलायला दोन-अडीच महिने, आणि हीही त्याच बेताने चालली होती. ती उमलली की पाकळ्या मोजता येणार होत्या. पाच निघाल्या की संपलं. मी खोटं लिहिलं होतं तरी ते खरं ठरणार होतं, कुणाला काही सांगावं लागणार नव्हतं. रोज सकाळी मी आल्या आल्या कपाट उघडायचे, परीक्षेचा निकाल बघायला जावं तसं.

पुड्या एव्हाना दवाखान्यांत पोचल्या होत्या. पॅकिंगचं यंत्र बिघडल्यामुळे त्या तीन आठवडे उशिरा गेल्या होत्या, एवढंच बरं. बाबा मात्र पहिल्या दिवसापासून घेत होते.

५

दहाव्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी ते उमललं.

खोलीत ऊन आलं होतं. बाहेर पोती उतरवण्याचा आवाज चालू होता. मी कागद टेबलावर ठेवला, हात धुतले, पुसले, मग मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. पुन्हा मोजलं, उलट बाजूने. पाच.

माझा जीव भांड्यात पडला. मी खुर्चीत बसले आणि चक्क रडले, मग डोळे पुसून डब्यातला पाव खाल्ला, सकाळी साडेनऊला. आलेखवाला म्हणाला, "आज काय, लॉटरी लागली?" मी म्हटलं, "तसंच समज."

खाऊन झाल्यावर सवयीने भिंग घेतलं. पाकळ्या मोजल्या तरी बाकीचं बघायची पद्धत आहे: रंग, केसर, मधला दांडा, वास.

रंग नव्हता. म्हणजे पांढरा होता असंही नाही. थोरलीचं फूल पिवळं असतं, धाकटीचंही पिवळंच. याला कागदाचा रंग होता, फूल कागदावर नसतं तर दिसलंच नसतं. मी पाकळी चिमट्याने उचलली. आत केसर नव्हते. मधला दांडा नव्हता. पाच पाकळ्या एका ठिकाणी जुळत होत्या आणि त्या जुळण्याच्या जागी काहीच नव्हतं, साधा ठिपकासुद्धा नाही. वास घेतला. डांबराच्या गोळ्यांचा आला.

मी चिठ्ठीकडे बघितलं. माझंच अक्षर. फूल: पाहिले. पाच पाकळ्या. रंगाचा रकाना मी घाईत रिकामा सोडला होता. केसरांचाही.

त्यानंतर मला पाकळ्या पुन्हा मोजाव्याशा वाटल्या नाहीत. त्या पाचच असणार होत्या. मी सात लिहिलं असतं तर सात आल्या असत्या.

६

मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन मी सगळं सांगितलं. उभं राहूनच सांगितलं.  बाईंनी लगेच फोन उचलून पुड्यांची ती खेप सगळ्या दवाखान्यांतून परत मागवली, डोंगरवाल्याला निरोप धाडला की वर जाऊन बघून ये आत्ता काय फुललंय, आणि मग मला म्हणाल्या, "घरी कोण आहे तुझ्या? वडील ना?"

"हो."

"कितवा आठवडा?"

"दहावा."

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. "कागद आण."

मी फूल दाखवलं. बाईंनी ते भिंगाखाली बराच वेळ धरलं. भिंग पुसलं, पुन्हा धरलं.

"केसर नाहीत याला," त्या म्हणाल्या.

"मी लिहिले नव्हते."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. चाळीस वर्षं हे काम केलेली बाई, फटकळ, कुणाला भीक न घालणारी. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि एवढंच म्हणाल्या, "चूक दुरुस्त कर."

आमच्याकडे लिहिलेलं खोडरबराने पुसत नाहीत. आडवी एक रेघ मारायची, शेजारी सही करायची. मी त्या ओळीवर रेघ मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघींनी मिळून कपाट उघडलं. फूल नव्हतं. गळून कागदात पडलेलंही नव्हतं. पानाच्या बेचक्यात जिथे ते होतं तिथे जखम हवी होती, देठाची खूण हवी होती. तीही नव्हती. दोरा सैल लोंबत होता.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "यावर आपण नंतर बोलू." पण त्या कधी बोलल्या नाहीत, आणि मीही विषय काढला नाही.

शुक्रवारी डोंगरवाला परत आला. रुमालात बांधून त्याने ताजी फुलं आणली होती, चांगली पिवळीधमक. मोजायला भिंग लागलं नाही. सहा.

"ताई, मी म्हटलं होतं थांबा," तो म्हणाला. रागाने नाही. त्याचे डोळे भरून आले होते.

७

दवाखान्यांतले लोक वाचले. त्यांचे सात आठवडेच झाले होते, औषध बंद करून सगळे सावरले. पहिल्या दिवसापासून घेणारा माणूस एकच होता.

डॉक्टरांनी बाबांना तपासलं. दम्यासाठी दुसरं औषध दिलं, नाडीचं एक कार्ड दिलं. रोज सकाळी मनगट धरून पूर्ण एक मिनिट मोजायचं, रकान्यात लिहायचं. चाळीसच्या खाली गेली तर छातीत यंत्र बसवावं लागेल म्हणाले, आणि पुढच्या सोमवारची तारीखही धरून ठेवली.

बाबांना मी खरं काय ते सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे माझ्यासाठी तू पहिल्यांदा खोटं लिहिलंस. बरंय. मला वाटायचं तुला ते जमतच नाही." मग माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले, मी गप्प होईपर्यंत.

बुधवारी एकसष्ट. गुरुवारी पंचावन्न. शुक्रवारी अठ्ठेचाळीस. ते दमलेले होते पण दुखत काही नव्हतं. घड्याळवाला माणूस, स्वतःच हसून म्हणाले, "मागे पडायला लागलंय. उघडून बघावं लागणार."

शनिवारी सकाळी चहा घेऊन गेले तेव्हा ते उशीला टेकून बसले होते, डोळे मिटलेले. मी मनगट धरलं. घड्याळाकडे बघत बसले. एक मिनिट झालं. बोटं थोडी सरकवली. अजून एक मिनिट. दुसरा हात धरला. हात थंडगार नव्हता, पण ऊब होती असंही म्हणता येणार नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

कार्ड पलंगावर होतं. पेन माझ्या हातात होतं. मी ठरवून काही केलं असं मला आठवत नाही. नाडीच्या रकान्यात लिहिलं: पाहिली. बहात्तर.

बोटांखाली ठोका आला. मग दुसरा.

मी किती वेळ तसाच हात धरून बसले कोण जाणे. ठोके येत होते, एकसारखे. पण छाती हलत नव्हती. तेव्हा मी रकान्यांच्या खाली, मोकळ्या जागेत लिहिलं, श्वास मोकळा. छाती हलली. मग लिहिलं, डोळे उघडे. ते उघडले. बोलतात, असं लिहिलं, आणि बाबा म्हणाले, "चहा ठेवलास का?"

८

या गोष्टीला तीन आठवडे झाले. त्या सोमवारी मी डॉक्टरांना फोन करून आकडे सांगितले, बहात्तर, बहात्तर, बहात्तर. "वा," ते म्हणाले, "आपोआप वर आली. मग यंत्राची घाई नको. एकदा आणा मात्र." मी हो म्हटलं.

मी रजेवर आहे. रोज सकाळी कार्ड भरते. बाबा चालतात, जेवतात, पाव आणतात. सगळं लिहिलेलं आहे. विनोदही करतात. मला त्यांचे विनोद पाठ आहेत, त्यामुळे ते लिहायला सोपे गेले. शेजारच्या आजी काल म्हणाल्या, "तुझ्या बाबांची तब्येत काय सुधारली गं." मी म्हटलं, "हो ना."

आज सकाळी त्यांना जवळ घेतलं. नुसतंच, वाटलं म्हणून. गाल त्यांच्या सदऱ्याला लागला. मनगट माझ्या हातात होतं आणि तिथे ठोके नीट चालले होते. छातीत काहीच चाललेलं नव्हतं. मी कान दाबून ऐकलं. भिंतीला कान लावावा तसं. काळजाबद्दल मी काही लिहिलं नव्हतं, कार्डावर तो रकानाच नाही.

मी कोरे कागद घेऊन बसले. म्हटलं, आता काही सोडायचं नाही. काळीज, त्याचे ठोके, डावी बाजू. उजवा गुडघा पाऊस आला की दुखतो. चहात दीड चमचा साखर. कानात घालायच्या थेंबांचा कंटाळा. नाकातून शीळ. माझ्यावर रागावले की माझ्याशी न बोलता खुर्चीशी बोलतात. आईचा उल्लेख झाला की चष्मा काढून पुसतात. मला सायकल शिकवताना सीट सोडली होती आणि सोडली नाही म्हणून खोटं सांगितलं होतं. दुपार होईपर्यंत अकरा कागद भरले. बाबा समोरच्या खुर्चीत शांत बसले होते, मी एकेक ओळ लिहीन तसे जरासे भरत होते. माझ्या डोळ्यांसमोर भरत होते. मला इतका आनंद झाला, की मी लगेच बारावा कागद ओढला.

मग मी आई गेल्यानंतरच्या वर्षावर आले. संध्याकाळी गॅलरीत बसतात, समोरच्या भिंतीकडे बघतात, असं लिहिलं. बाबांची मान गॅलरीकडे वळली. पुढे लिहायला पेन टेकवलं आणि तसंच राहिलं. ते तिथे बसून काय विचार करत होते, ते मी कधी विचारलंच नव्हतं. चहा देऊन आत यायचे. पाहिलं तेवढंच मला माहीत होतं.

"बाबा," मी म्हटलं, "आई गेल्यावर तुम्ही गॅलरीत बसायचात ना. वर्षभर. काय यायचं हो तुमच्या मनात?"

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चेहरा हसरा होता, मी लिहिला होता तसा. तोंड थोडं उघडलं, बोलायच्या बेतात असल्यासारखं, आणि उघडंच राहिलं. त्यांची नजर माझ्या पेनाच्या टोकावर होती. मी काय लिहिते त्याची ते वाट बघत होते.